हिरवी फीत

लसीची बाटली हातात आली की ओव्हाळ मॅडम आधी ती जोरात हलवत, टेबलावर ठेवत आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसत. समोर कुत्री घेऊन माणसं उभी असायची, शेळ्या ओरडत असायच्या, पण सगळ्यांना थांबावं लागे. बाटलीतलं पांढरं पाणी गढूळ राहतंय की वरून नितळायला लागलंय, एवढंच त्या बघत. आमच्या गटातली पोरं म्हणायची, "मॅडमचं ध्यान लागलंय, चहा मारून येऊ." मॅडम मान न वळवता म्हणायच्या, "माझाही सांगा. साखर कमी सांगा, चहा कमी सांगू नका."

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. शोकसभेत एकामागून एक लोक उठले आणि त्यांना 'थोर प्राणिमित्र' म्हणाले. मला संताप आला. मॅडम कुणाच्या मित्रबित्र नव्हत्या. कुत्र्याशी लाडे लाडे बोलणाऱ्या माणसांचा त्यांना कंटाळा होता. मला लिहायला फक्त पत्रकं येतात, आणि पत्रकात मागणी मावते, माणूस मावत नाही. तरी लिहिते, कारण बाटलीसमोर बसण्याची ही सवय त्यांना आधी नव्हती. ती कुठून आली हे त्या सभेत मला एकटीलाच माहीत होतं.

डॉ. सुमन ओव्हाळ जनावरांच्या डॉक्टर. जनावरांच्या लसी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत त्यांची नोकरी. मेंढ्यांना, कोंबड्यांना, सशांना लस टोचायची, काही आठवडे थांबायचं, मग रक्त घेऊन बघायचं की त्यात प्रतिपिंडं, म्हणजे त्या रोगाशी लढणारी अँटिबॉडी, तयार झाली की नाही. आयुष्यभर हेच. लस टोचण्यापेक्षा टोचल्यानंतर काय होतं यावर त्यांचा डोळा.

मी तेव्हा कॉलेजात होते. कसबा पेठेत एका तांबटाच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या गटाच्या बैठका चालत. खाली हातोडे, वर आमच्या घोषणा. त्या दिवसांत महापालिकेचे लोक भटक्या कुत्र्यांना गाडीत घालून न्यायचे आणि नेलेलं कुत्रं परत यायचं नाही. आमची मागणी साधी होती, मारू नका, टोचा. मी पत्रक लिहिलं होतं आणि त्यात दणकून छापलं होतं की लस टोचलेलं कुत्रं शंभर टक्के सुरक्षित असतं. ते पत्रक हातात घेऊन एक उंच, सावळी, सुती साडीतली बाई जिना चढून वर आली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"शंभर टक्के कुणी सांगितलं?"

"सगळेच सांगतात."

"कुत्र्याच्या रक्तानं सांगितलं का?"

त्या सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "टोचणं आपलं काम. त्याला उत्तर देणं त्याच्या अंगाचं काम. आपण विचारलं म्हणून त्यानं उत्तर दिलंच, असं धरून चालायचं नाही."

त्याच बैठकीत त्यांनी मला लसीतली ती पांढरी गढूळता म्हणजे काय ते समजावलं. तिला अ‍ॅडजुव्हंट म्हणतात. रोगाचा मेलेला जंतू एकटा अंगात गेला तर अंग फारसं मनावर घेत नाही. सोबत हा पांढरा क्षार गेला की अंग खडबडून जागं होतं. "तुझं पत्रक दाराच्या फटीतून आत टाकलंस तर कुठं जातं?"

"रद्दीत."

"आणि दार वाजवून, त्या माणसाला बाहेर बोलावून, हातात दिलंस तर?"

"शिव्या देतो, पण वाचतो."

"झालं. दार वाजवणारं ते पांढरं."

आमच्यातल्या कुणालाही विज्ञान इतक्या स्वस्तात मिळालं नव्हतं. त्या दिवसापासून त्या आमच्या झाल्या. म्हणजे आम्ही तसं समजलो. त्या कुणाच्या झाल्या नाहीत.

मॅडम खडकीच्या. वडील दारूगोळा कारखान्यात तपासणीच्या कामावर, राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. आजोबांच्या वेळी घर बौद्ध झालेलं. घरात बुद्धाची एक लहान मूर्ती आणि तिच्याशेजारी वडिलांचं कारखान्याचं ओळखपत्र, काचेत लावलेलं. वडिलांबद्दल मॅडम एकच गोष्ट सांगायच्या, पण पुष्कळदा. "बाबा म्हणायचे, फुसकी गोळी आणि खरी गोळी बाहेरून सारखीच दिसते. फुसकीनं शत्रू मरत नाही हा प्रश्न नाही. जो तिच्या भरवशावर उभा राहतो तो मरतो, हा प्रश्न आहे." हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात चढायचा नाही. जेवताना मीठ मागावं तशा सांगायच्या.

कुत्र्याजवळ जायची त्यांची एक पद्धत होती. हात उलटा करायचा, बोटं मिटायची आणि तो खाली धरून उभं राहायचं. बोलायचं नाही, चुचकारायचं नाही. "आधी त्याला माझी चौकशी करू दे," म्हणायच्या. कुत्रं हुंगायचं, विचार करायचं, आणि मग कधीकधी कपाळ त्या मुठीवर टेकवायचं. तेवढं झालं की मॅडम त्याच्या पायातून रक्त काढत आणि ते हलतसुद्धा नसे. धायरीतली भुरी त्यांना बघितलं की स्वतःच पुढचा पाय उचलायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

धायरीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच झालं.

धायरी तेव्हा निम्मं गाव होतं आणि निम्म्या इमारती. सकाळी संगणक कंपन्यांच्या बसगाड्या सिंहगड रस्त्याला माणसं उचलायला येत, आणि त्याच रस्त्यानं म्हशी जात. जिथं कालपर्यंत कांद्याचं रान होतं तिथं इंग्रजी नावाची सोसायटी उभी राहिली. कुत्री मात्र आधीपासूनची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की आता इथं गेट झालं आहे. सोसायटीच्या अध्यक्षांनी गाडी बोलवायचं ठरवलं. आम्ही पत्रकं घेऊन गेलो, मॅडम मध्ये पडल्या आणि समझोता झाला. सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचायची, टोचलेल्याच्या मानेत हिरवी फीत बांधायची. फीत असेल त्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

मी घोषणा लिहिली, 'हिरवी फीत दिसली, भीती संपली.' मॅडमनी वाचली. मला वाटलं आता काट मारणार. त्या हसल्या. "छान जमलंय. छाप." त्यांना माझं लिहिणं आवडल्याची ती एकच वेळ.

लस ठेवायला जागा दिली तात्यांनी. तात्या म्हणजे मूळ धायरीकर. जमीन मुलानं बिल्डरला दिली, तात्यांनी म्हशी ठेवल्या आणि सोसायटीच्या गेटासमोर डेअरी टाकली. भुरी त्यांच्या पायरीवर झोपे. ती त्यांची का, तर नाही. ती गल्लीची. पण दुधाचा पहिला वाटा तिचा. मॅडमनी लसीच्या बाटल्या तात्यांच्या हातात दिल्या आणि बजावलं, "फ्रीजमध्ये ठेवा. गरम होऊ देऊ नका." तात्यांनी देवाचा प्रसाद घ्यावा तशा दोन्ही हातांनी घेतल्या.

टोचणी झाली. तात्यांनी भुरीला स्वतः धरलं. पोरं फिती बांधत हिंडली. आठवडाभर गल्ली हिरवी होती आणि मला वाटलं आपण जग जिंकलं.

दुसऱ्या कुणी तिथंच सोडलं असतं. मॅडम काही आठवड्यांनी रक्त घ्यायला परत आल्या. सवय. त्यानंतर त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर प्लॅस्टिकची एक ताटली होती, तिच्यात बोटाच्या टोकाएवढे खळगे, ओळीनं. ज्या रक्तात प्रतिपिंडं असतील त्याचा खळगा पिवळा होतो. कडेचे दोन-तीन हळदीसारखे पिवळे होते.

"हे धायरीचे?" मी विचारलं.

"हे आमच्या इथल्या कुत्र्यांचे, ताळा पाहायला ठेवलेले. धायरीचे पुढचे."

पुढचे सगळे पाण्यासारखे होते. भुरीचाही.

तिथून आम्ही सरळ डेअरीवर गेलो. मॅडमनी तात्यांना सहज विचारावं तसं विचारलं, "तात्या, बाटल्या कुठं ठेवल्या होत्या?"

तात्यांनी अभिमानानं आइस्क्रीमचा डीप फ्रीजर उघडला. "हितं. आवं, दिवसाला दोनदा लाइट जाती. साध्या फ्रीजचा काय भरवसा न्हाय. म्हनलं म्याडमची वस्तू हाय, कडक थंड र्‍हायला पायजे. पार बरफ झाला हुता बगा. मग टोचायच्या दिवशी पाटंलाच भाईर काढून ठिवल्या, नायतर सुईत कशा जायच्या? एक उरलीय, ती अजून हाय आत."

मॅडमनी ती उरलेली बाटली मागून घेतली, हातात धरून वितळवली. पिशवीतून दुसरी, चांगली काढली. दोन्ही हलवल्या आणि दह्याच्या पातेल्याशेजारी काउंटरवर ठेवल्या. तात्यांनी आम्हाला ताक दिलं आणि गिऱ्हाइकाकडे वळले. आम्ही बघत उभ्या. चांगली बाटली पांढरीच राहिली. तात्यांची हळूहळू वरून नितळ होत गेली, आणि पांढरं सगळं कणीकणीनं तळाला जाऊन बसलं.

गोठली की ती गढूळता मोडते. पुन्हा वितळवली तरी पहिल्यासारखी होत नाही. दार वाजवणारं कुणी राहत नाही. हे मला मॅडमनी नंतर सांगितलं.

"काय झालं म्याडम?" तात्यांनी दही तोलता तोलता विचारलं.

"काही नाही तात्या. थंडच होती." मॅडमनी ताक पूर्ण प्यायलं, पेला धुऊन पालथा घातला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "मॅडम, कुणाला सांगायचं नाही. गुपचूप नवी लस आणू, पुन्हा टोचू. फिती आहेतच."

"पुन्हा टोचूच. पण अंग तयार व्हायला काही आठवडे जातील. तोवर कुणाला चावलं तर तो माणूस काय करील?"

"काय करील?"

"फीत बघेल आणि घरी जाईल. 'भीती संपली' म्हणेल." मग म्हणाल्या, "रक्त बघायच्या आधी छाप म्हणाले मी."

"तुम्ही सांगितलंत तर ते गाडी बोलावतील."

"माहीत आहे."

"मग तात्यांचं नाव..."

"तात्यांचं काय? मी गरम होऊ देऊ नका म्हणाले. गोठू देऊ नका म्हणाले नाही. त्यांनी सांगितल्यापेक्षा जास्तच जपलं. त्यांना हे कळता कामा नये, मुक्ता."

आता तात्याही नाहीत, म्हणून लिहिते आहे.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. मॅडम उभ्या राहिल्या आणि घड्याळाची वेळ सांगावी तसं सांगितलं. लस खराब झाली होती. ती कशी ठेवायची हे सांगण्यात माझी चूक झाली. फितीला अर्थ नाही. कुणाला चावा बसला असेल तर फीत न बघता दवाखान्यात जा. कुत्र्यांना मी स्वतःच्या हातानं पुन्हा टोचीन, मला थोडी मुदत द्या.

अध्यक्ष खुर्चीत मागे टेकले. "वा. म्हणजे आपण आमच्यावर प्रयोग केलात. आपल्या संस्थेत मेंढ्या कमी पडल्या का?"

लोक हसले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कोट्यातनं डॉक्टर झाल्या की असंच व्हायचं."

मी उठले. मॅडमनी मला हातानं खाली बसवलं आणि मागच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "हो, कोट्यातूनच झाले. माझी चूक माझ्या एकटीच्या नावावर राहत नाही, आमच्या सगळ्यांच्या नावावर जाते. हे मला इथं येण्याआधी माहीत होतं. तरी आले. आता पुढचं बोलू?"

तेवढ्यात गेटावरचा रखवालदार बाबू पुढे आला. लातूरकडचा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर केली. पोटरीला चुना आणि हळद थापलेली होती. "मॅडम, मला चावलंय. मागच्या गेटाला. फीत होती, म्हनून काय केलं न्हाई."

मॅडमनी पुढचं काहीही ऐकलं नाही. पर्स उचलली, बाबूचा दंड धरला, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. जाताना मला म्हणाल्या, "तू बघ."

मी बघितलं. मी भांडले, ओरडले, टेबलावर हात आपटले. ते म्हणाले, डॉक्टर स्वतःच निघून गेल्या, आता बोलायचं कुणाशी? मॅडम बाबूच्या हातात इंजेक्शन जाईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून होत्या, आणि इकडे हात वर करून गाडी बोलवायचा ठराव झाला. त्या थांबल्या असत्या तर कदाचित मुदत मिळाली असती. हे मी त्यांना एकदा तोंडावर म्हणाले. त्या म्हणाल्या, "मिळाली असती." एवढंच.

गाडी आली त्या सकाळी मॅडमना कुणी कळवलं नव्हतं. तरी त्या आल्या, खडकीहून पहिल्या बसनं. खांद्याला बर्फाचा डबा, त्यात नवी लस. त्यांना वाटत होतं निदान काही वाचतील. गाडीतले लोक लांब दांड्याचे लोखंडी चिमटे घेऊन उतरले होते. एका कुत्र्याला मानेत धरून ओढत होते आणि त्याचा आवाज सगळ्या बाल्कन्यांपर्यंत जात होता. बाल्कन्यांत माणसं होती, चहाचे कप घेऊन.

मॅडमनी डबा खाली ठेवला. गाडीवाल्यापाशी गेल्या. "चिमटा लावू नका. मी देते."

"तुमच्याकडं येत्यात का?"

"येतात."

मग त्या रस्त्यात उभ्या राहिल्या, हात उलटा केला, बोटं मिटली. कुत्री एकेक करून आली. त्यांना वाटलं रक्त घ्यायचं आहे. हुंगलं, कपाळ टेकवलं. मॅडमनी एकेकाला पोटाखालून हात घालून उचललं आणि स्वतः गाडीत ठेवलं. मी ओरडत होते, "मॅडम, काय करताय, सोडा त्यांना, पळू द्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पळून जाणार कुठं होती? पुढच्या गल्लीत चिमटाच होता. हे मला आज कळतं. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता की खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

भुरी शेवटी राहिली. ती तात्यांच्या पायरीवरून उतरेना. गाडीवाल्यानं विचारलं, "तात्या, ही तुमची का? तुमची असंल तर बांधून ठेवा, आम्ही न्हाय नेत."

तात्यांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या मागं त्यांचा मुलगा उभा होता. सोसायटीची पुढची इमारत त्यांच्याच उरल्या तुकड्यावर होणार होती. मुलगा म्हणाला, "आमची न्हाय." तात्यांनी मुलाकडे बघितलं, मग भुरीकडे, आणि डेअरीत जाऊन फ्रीजरचं झाकण उगीच उघडून वाकून उभे राहिले.

मॅडम पायरीपाशी खाली बसल्या. भुरीनं त्यांना बघितलं आणि नेहमीसारखा पुढचा पाय उचलून दिला.

त्यांनी तो पाय धरला. बराच वेळ धरला. मग तिला उचललं. तिच्या मानेतली हिरवी फीत सोडली, मुठीत घेतली, आणि तिला गाडीत ठेवून दार स्वतः लावलं.

बाबू जगला. आज तो वारज्याच्या बाजूला दुसऱ्या एका सोसायटीच्या गेटावर आहे. त्याला चावलेलं कुत्रं पिसाळलेलं होतं की नव्हतं, हे कुणालाही कळलं नाही. मॅडमनाही नाही. त्यांचं खरं होतं का, याचा पिवळा खळगा त्यांना कधी दिसला नाही.

त्यानंतर त्या बाटलीसमोर बसायला लागल्या. आमच्या शिबिरांना येत राहिल्या, रक्त घेत राहिल्या. पण कुत्र्यापुढे हात धरणं त्यांनी बंद केलं. दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या, आम्ही कुत्रं धरायचो, मग त्या पुढे यायच्या. कुत्र्यांना ते चालत नसे. ती आता त्यांच्या हाताखाली हलायची, गुरगुरायची. एकदा एका पोरानं विचारलं, "मॅडम, आधी तर तुमच्यासाठी कुत्रं धरावं लागायचं नाही म्हणे." त्या म्हणाल्या, "आता धरा."

धायरीला त्या अधूनमधून जायच्या. तात्या त्यांच्याशी बोलत नसत. लस बाईंनी नासवली आणि भुरी गेली, असंच ते शेवटपर्यंत समजत होते. मॅडम ताक मागायच्या, तात्या न बोलता पेला पुढे सरकवायचे. त्या प्यायच्या, पेला धुऊन पालथा घालायच्या. मी एकदा चिडून म्हणाले, आज मी सांगते त्यांना सगळं. मॅडम इतक्या कठोर आवाजात "नाही" म्हणाल्या की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खडकी स्टेशनावर. त्या आजारी आहेत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी लोणावळ्याच्या लोकलमध्ये होते, दारापाशी, मांडीवर पत्रकांचा गठ्ठा. गाडी थांबली तेव्हा समोरच्या फलाटावर मॅडम पाठमोऱ्या दिसल्या. बारीक झाल्या होत्या, साडी अंगावर मोठी वाटत होती. हात नेहमीसारखे पाठीमागे. एक पिवळट, हाडकुळी कुत्री फलाटावरून हुंगत हुंगत आली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या बांधलेल्या हातांना नाक लावलं.

त्यांची पुण्याकडे जाणारी गाडी येत होती. लोक पुढे सरकले. मॅडम सरकल्या नाहीत. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, पण पाठीमागची हातांची गाठ हळूहळू सुटली. एक हात खाली आला, उलटा झाला, बोटं मिटली.

गाडी आली आणि गेली. माझीही सुटली. कुत्री अजून हुंगत होती आणि मॅडम जराही न हलता उभ्या होत्या, तिची चौकशी पुरी होईपर्यंत.